वर्गातील काचेची टाकी आणि झाकणाची गोगलगाय

परिसर अभ्यासाच्या तासाला पाण्यातील प्राण्यांची माहिती बहुधा चित्रावरून द्यावी लागते. चित्रावरून प्राण्याचे नाव कळते, आकार कळतो; परंतु तो चालतो कसा, खातो कसा, श्वास कसा घेतो, हे चित्र सांगू शकत नाही. यासाठी वर्गाच्या एका कोपऱ्यात काचेची लहानशी टाकी ठेवून तीत गोड्या पाण्यातील गोगलगाई पाळणे, हा अल्पखर्चाचा आणि प्राथमिक शाळेस झेपणारा उपाय आहे. गोगलगाय मंद असते, हाच शाळेच्या दृष्टीने तिचा मोठा गुण होय. मासा पाहता पाहता दृष्टीआड होतो. गोगलगाय मात्र सर्व मुलांचे पाहून होईपर्यंत काचेवर असते.

असोदा व भोवतालच्या गावांतील ज्या शाळांना असा उपक्रम हाती घ्यावयाचा असेल, त्यांच्या सोयीसाठी त्याची रीत येथे क्रमाने दिली आहे. आरंभीच दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, टाकीत आपण प्रथम पाणी पाळतो आणि मग प्राणी. उत्साहाच्या भरात ज्या दिवशी टाकी भरली त्याच दिवशी गोगलगाई सोडल्या, तर आठपंधरा दिवसांत त्या मरतात आणि मुलांच्या पदरी निरीक्षणाऐवजी दुर्गंधी येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तळ्यातील काही गोगलगाई रोगकारक कृमींना आश्रय देतात. म्हणून कोणती गोगलगाय घ्यावी आणि ती कशी आणावी, याचे ज्ञान शिक्षकास असलेच पाहिजे.

कोणती गोगलगाय घ्यावी

तापी, गिरणा, वाघूर यांच्या काठी, कालव्याच्या कडेला व गावतळ्यात आढळणाऱ्या गोगलगाईंचे शिक्षकाने दोन गट करावेत. एका गटातील गोगलगाय अंग आत ओढून घेते तेव्हा कवचाचे तोंड एका घट्ट झाकणाने बंद होते. दुसऱ्या गटात असे झाकण नसते. अंग आत गेले तरी तोंड उघडेच राहते. ही खूण इतकी स्पष्ट आहे की ती पाहण्यास भिंगाचीही गरज पडत नाही.

झाकण असलेल्यांत तीन प्रकार सहज ओळखता येतात. पायला ही मोठी, गोल, जवळजवळ लिंबाएवढी. बेलामिया ही मध्यम आकाराची, निमुळत्या शेंड्याची. तिच्या कवचावर बहुधा गडद पट्टे असतात. मेलॅनॉइड्स ही लांबट, अणकुचीदार शंकूसारखी. ती दिवसा वाळूत शिरून बसते. झाकण नसलेल्यांत लिम्निया ही पातळ, ठिसूळ कवचाची व रुंद तोंडाची, तर इंडोप्लॅनॉर्बिस ही गुंडाळलेल्या दोरीसारखी चपटी असते.

शाळेच्या टाकीसाठी बेलामिया निवडावी. ती अंगाने मध्यम असते, पायलाप्रमाणे पाणवनस्पतींचा फडशा पाडीत नाही, आणि अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. या शेवटच्या गुणाचा उपयोग कसा होतो, ते पुढे येईल. झाकण नसलेल्या गोगलगाई मात्र शाळेत मुळीच आणू नयेत.

या नियमाचे कारण

गुरांच्या व शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात वाढणाऱ्या चपट्या कृमीचे बालपण लिम्नियाच्या शरीरात जाते. जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात पडतात; त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव गोगलगाईत शिरतात, तेथे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि बाहेर पडून ते पाण्यातील गवताला चिकटून राहतात. ते गवत जनावराने खाल्ले की फेरा पूर्ण होतो. श्वास घेताना बैल घोरल्यासारखा आवाज करतो, असा नाकाचा एक रोग शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच्या कृमींचे मार्गही इंडोप्लॅनॉर्बिस व लिम्निया या गोगलगाईंतूनच जातात. अशा कृमींची पिल्ले पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीत शिरू पाहतात. माणसात ती वाढत नाहीत, परंतु कातडीवर पुरळ उठून तीव्र खाज सुटते.

याच जातीचा, परंतु माणसातच वाढणारा एक कृमी आफ्रिकेत व अन्यत्र मोठ्या प्रमाणावर आढळतो. रुग्णाच्या लघवीतून रक्त जाणे हे त्याचे लक्षण होय. आपल्या राज्यात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी १९५२ साली गाडगीळ व शाह या डॉक्टरांनी या रोगाचे केंद्र दाखवून दिले. तेथे कृमीला आश्रय देणारी गोगलगाय फेरिसिया नावाची, टोपीच्या आकाराची व अतिशय लहान होती. तिलाही झाकण नसते. हा रोग पुढे भारतात पसरला नाही. तथापि गावाच्या पाण्यातील एवढ्याशा जीवाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे त्या घटनेवरून शिकण्यासारखे आहे.

झाकण असणे ही मात्र संपूर्ण सुरक्षिततेची हमी नव्हे. झाकणाच्या काही गोगलगाईंतही अन्य कृमी असू शकतात. म्हणून तळ्यातून आणलेली कोणतीही गोगलगाय मुलांच्या हाती देऊ नये.

टाकी व तिची जागा

४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी काचेची टाकी पुरेशी होते. तळाशी ४ सेंटिमीटर वाळूचा थर द्यावा आणि वाळूच्या वर २० सेंटिमीटर पाणी ठेवावे. याप्रमाणे सुमारे २७ लिटर पाणी राहते व वर ६ सेंटिमीटर जागा मोकळी उरते. काच, वाळू व पाणी मिळून वजन ४५ किलोच्या आसपास जाते. यासाठी टाकी डगमगत्या टेबलावर न ठेवता पक्क्या ओट्यावर किंवा भक्कम बाकावर ठेवावी, व खाली दुहेरी गोणपाट अगर थर्मोकोलचा तुकडा घालावा. भरलेली टाकी कधीही उचलू नये.

जागा उजेडाची असावी, परंतु ऊन थेट पडणारी नसावी. ऊन पडल्यास पाणी तापते आणि काच हिरव्या थराने झाकून जाते. उत्तरेकडील खिडकीजवळची जागा उत्तम होय.

टाकीवर मच्छरदाणीच्या कापडाचे घट्ट झाकण बांधणे अत्यावश्यक आहे. साचलेल्या उघड्या पाण्यात डासांची पैदास होते. आपण गावात आठवड्याचा कोरडा दिवस पाळावयास सांगावयाचे आणि शाळेतच डासांना घर द्यावयाचे, हे शोभणारे नाही. याच कापडामुळे रात्री काच चढून येणाऱ्या गोगलगाईही खाली पडून फुटत नाहीत.

वाळू नदीची, जाडसर घ्यावी व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. साबण वा सोडा वापरू नये. फवारणीसाठी वापरलेली बादली, डबा वा नळी कितीही धुतली तरी या कामास घेऊ नये. कापसावरील व केळीवरील औषधाचा अंशही गोगलगाईस पुरेसा घातक असतो. तांब्याचा हंडा किंवा कळशीही वर्ज्य समजावी. तांबे हे गोगलगाईचे विष आहे. मोरचुदाने गोगलगाई मरतात, त्याचे कारण त्यातील तांबेच होय.

पाणी मुरविणे

टाकीत तळ्याचे पाणी घालू नये. त्याबरोबर नको ते जीव येतात. विहिरीचे, कूपनलिकेचे वा नळाचे पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असल्यास ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. आपल्याकडील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व भांड्यास पांढरा क्षार धरतो. स्वयंपाकघरात हा दोष असला तरी येथे तो गुण आहे, कारण कवच बनविण्यास लागणारा चुना गोगलगाईस त्यातून मिळतो. पाणी फारच हलके असेल तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा लहान तुकडा टाकीत ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. प्राण्याच्या विष्ठेपासून व कुजणाऱ्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. वाहत्या नदीत तो पसरून विरळ होतो. बंद टाकीत तो साठतो. परंतु वाळूच्या कणांवर हळूहळू असे सूक्ष्म जंतू वाढतात की त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात व काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते; नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून पाणवनस्पतींना ते खत म्हणून उपयोगी पडते. हे जंतू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. यालाच पाणी मुरणे म्हणावे. दुधाला विरजण लावल्यावर जसे थांबावे लागते, तसे येथेही थांबलेच पाहिजे.

टाकी भरल्यावर हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया यांच्या काही काड्या लावाव्यात. वनस्पती तळ्यातून आणल्यास त्या पंधरा दिवस निराळ्या बादलीत ठेवून रोज तपासाव्यात. त्यांवर बुळबुळीत, पारदर्शक अंड्यांचे पुंजके वा झाकण नसलेल्या बारीक गोगलगाई दिसल्यास काढून टाकाव्यात. या वनस्पती कोणीही तोंडात घालू नयेत. नंतर टाकीत शिजविलेल्या भाजीच्या पानाचा नखाएवढा तुकडा दर तीनचार दिवसांनी टाकावा. तेवढ्यावर जंतूंचे पोषण होते. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसू लागेल. तेव्हा घाबरून पाणी ओतून देऊ नये, वाळू धुऊ नये. ते आपोआप निवळते. पाणी निर्मळ झाले, काचेवर फिकट हिरवा थर धरला, वनस्पतींना नवे कोंब आले आणि पाण्याला कुजका वास न येता ओल्या मातीसारखा वास येऊ लागला, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे. जूनअखेर टाकी भरल्यास ऑगस्टच्या मध्यास ही अवस्था येते.

आया परत, पिल्ले टाकीत

टाकी मुरत आली की शिक्षकाने स्वतः जाऊन पाणथळ जागेच्या काठावरून सहा ते आठ मोठ्या बेलामिया आणाव्यात. मुलांना पाण्यात उतरवू नये. हातात रबरी मोजे अगर प्लास्टिकची जाड पिशवी घालावी. आणलेल्या गोगलगाई टाकीत न सोडता बादलीत ठेवाव्यात, व बादलीच्या तोंडास कापड बांधावे. बेलामियात नर व मादी निराळे असतात. नराचा उजवा स्पर्शक आखूड व जाड, तर मादीचे दोन्ही सारखे असतात. आणलेल्यांत माद्या आहेत की नाहीत, हे यावरून कळते.

मादी पिल्लांना शरीरात वाढवून कवचासह जन्म देते. पावसाळ्याच्या दिवसांत दोनतीन आठवड्यांत बादलीच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्ले दिसू लागतात. ही पिल्ले पळीने उचलून स्वच्छ पाण्याच्या दोनतीन वाट्यांतून धुऊन काढावीत आणि मगच टाकीत सोडावीत. पहिल्या वेळी तीनचार, व दोन आठवड्यांनी आणखी पाचसहा, याप्रमाणे २७ लिटरच्या टाकीत दहाहून अधिक ठेवू नयेत. काम संपताच आया जेथून आणल्या तेथेच नेऊन सोडाव्यात. बादलीतील पाणी ओढ्यात वा हौदात न टाकता उन्हातील कोरड्या जमिनीवर ओतावे. तीन आठवड्यांत पिल्ले न झाल्यास त्या गोगलगाई परत सोडून दुसऱ्या आणाव्यात.

या खटाटोपाचे प्रयोजन असे. कृमी आईकडून पिल्लाकडे जात नाहीत. पाण्यात पडलेल्या शेणातून वा मैल्यातून निघालेले सूक्ष्म जीव गोगलगाईत शिरतील तेव्हाच ती बाधित होते. शाळेच्या टाकीत तसा संपर्कच नसल्याने तेथे वाढलेली पिल्ले निर्धोक असतात. तरीही टाकीत हात घालण्याचे काम शिक्षकानेच करावे, हातावर जखम असल्यास करू नये, व नंतर साबणाने हात धुवावेत. मुलांनी टाकीजवळ काम केल्यावर हात धुण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवावी.

बाजारातील शोभेच्या गोगलगाई कधीही विकत आणू नयेत. दक्षिण अमेरिकेतील सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास तैवानात खाण्यासाठी आणली गेली. ती शेतात शिरून आग्नेय आशियातील भातपिकांची मोठी शत्रू ठरली. आफ्रिकेतील मोठी जमिनीवरील गोगलगाय १८४७ साली कलकत्त्यास सोडली गेली व तेथून भारतभर पसरली. गोगलगाई पिकाचे काय करू शकतात, हे २०२२ च्या पावसाळ्यात लातूर व बीड जिल्ह्यांतील सोयाबीन उत्पादकांनी अनुभवले आहे. परका जीव एकदा पाण्यात वा शेतात सुटला की तो परत गोळा करता येत नाही.

नित्याची निगा

आठवड्यातून एकदा टाकीतील सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे साडेसहा लिटर पाणी काढून तितकेच एक दिवस ठेवलेले पाणी घालावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतकेच कोमट वा गार असावे. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालीत गेल्यास क्षार वाढत जातात. म्हणून थोडे काढणेही आवश्यक आहे. सर्व पाणी एकदम बदलणे व वाळू घासून धुणे म्हणजे महिनाभर मुरविलेले विरजण फेकून देणे होय.

काचेवरील हिरवा थर हेच गोगलगाईचे मुख्य अन्न आहे. म्हणून मुलांना दिसावे यासाठी पुढची काच तेवढी पुसावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात. त्याखेरीज आठवड्यातून दोनदा शिजविलेल्या पालकाचा किंवा दुधीचा लहान तुकडा पुरे. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा काढून घ्यावा. भूक लागून मेलेल्या गोगलगाईंपेक्षा जास्त अन्न घातल्याने मेलेल्यांची संख्या अधिक असते. दिवाळीच्या सुट्टीत अन्न घालण्याची जबाबदारी कोणावरही सोपवू नये. काचेवरील थरावर त्या सहज निभावतात. आठवड्यातून एकदा आटलेले पाणी भरले म्हणजे झाले. थंडीत त्या मंद होतात. तेव्हा अन्न निम्मे करावे.

बेलामिया कल्ल्याने श्वास घेते. म्हणून सर्व गोगलगाई एकाच वेळी पाण्याच्या पृष्ठभागाशी जमू लागल्या, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे किंवा पाणी बिघडले आहे असे समजून लगेच तिसरा हिस्सा पाणी बदलावे. पायला पाळली असेल तर हा नियम लागू नाही. तिला कल्ला व फुप्फुस दोन्ही असतात, आणि ती नळीसारखा अवयव पृष्ठभागापर्यंत उंचावून हवा घेते. ते तिचे नित्याचे वर्तन होय. एखादी गोगलगाय दोन दिवस मिटून पडली तर ती मेली असे धरू नये. शिक्षकाने उचलून वास पाहावा. मेलेलीला तीव्र दुर्गंधी येते व ती तत्काळ काढावी लागते.

मुलांनी काय पाहावे

टाकी ही शोभेची वस्तू नव्हे. तिच्याजवळ एक वही दोऱ्याने बांधून ठेवावी व रोज दोन मुलांनी पाळीने त्यात नोंद करावी. तिसरीच्या मुलांनी गोगलगाय कोठे दिसली, चालत होती की स्थिर होती, एवढेच लिहावे. चौथी-पाचवीच्या मुलांनी मोजमाप करावे. काचेवर बाहेरून खडूने खूण करून पाच मिनिटांत ती किती सेंटिमीटर गेली, हे पट्टीने मोजता येते. काचेच्या बाहेरून पाहिल्यास तळव्यावरून लाटा सरकताना दिसतात. तोंड उघडमीट होते आणि हिरव्या थरावर खरवडल्याच्या बारीक रेघा उमटतात. तिच्या जिभेवर सूक्ष्म दातांची पट्टी असते, हे त्या रेघा पाहिल्यावर सांगावे, आधी सांगू नये. प्रश्न मुलाच्या मनात उभा राहिल्यावर दिलेले उत्तर टिकते.

टाकीच्या अर्ध्या भागास काळा कागद लावून एका तासाने उजेडात किती व अंधारात किती हे मोजावे. हाच प्रयोग सकाळी व दुपारी, आठ दिवस करावा. एकदा आलेल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हा शास्त्राचा पहिला धडा मुलांना यातून मिळतो. महिन्यातून एकदा शिक्षकाने दोन पिल्ले वाटीत घेऊन कवचाची लांबी मोजावी व मुलांनी तिचा आलेख काढावा.

असोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. तरी पाखरू, झाड व शेत यांचे त्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे आपण सर्व जाणतो. आपल्या मुलांना लिहिता येते. त्यांनी पाहिलेले वहीत उतरावे, एवढीच भर आपण घालावयाची आहे.

मार्चअखेर

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४३ अंशांच्याही वर जाते, आणि त्याच सुमारास शाळेला सुट्टी लागते. बंद खोलीतील टाकीचे पाणी त्या दिवसांत गोगलगाईस सोसणारे नसते. म्हणून मार्च संपण्यापूर्वी, पाणवठ्यात पाणी आहे तोवर, वाढलेली पिल्ले त्यांच्या आयांना जेथून आणले तेथेच सोडावीत. टाकीत बाजारचे मासे वा बाजारच्या वनस्पती घातल्या असतील तर मात्र असे करू नये. अशा वेळी गोगलगाई शिक्षकाने घरी थंड जागी सांभाळाव्यात. याच निमित्ताने मुलांना विचारावे की तळे आटल्यावर त्यातील गोगलगाई कोठे जातात. पायला झाकण घट्ट लावून चिखलात खोल पुरून घेते आणि पावसाची वाट पाहते, हे उत्तर खानदेशातील मुलास उन्हाळ्यात चटकन पटते.

टाकी रिकामी करून वाळू उन्हात वाळवावी व पोत्यात भरून ठेवावी. वाळलेल्या वाळूतील जंतू मरतात. त्यामुळे पुढील जूनमध्ये पाणी पुन्हा आरंभापासून मुरवावे लागेल, हे नव्याने येणाऱ्या शिक्षकासाठी नोंदवहीत लिहून ठेवावे. ज्या शाळा हा उपक्रम करतील त्यांनी मुलांच्या नोंदवह्या केंद्राच्या शिक्षण परिषदेस सोबत आणाव्यात. निरनिराळ्या गावांतील आकडे शेजारी मांडले, तर कोणत्या पाण्यात पिल्ले अधिक वाढली व ती का, याची चर्चा सर्वांनाच करता येईल.